मानपत्रातला वैमानिक

मानपत्र हा मराठीत भरपूर लिहिला जाणारा आणि जवळजवळ न वाचला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. कोणी निवृत्त होत असेल, कोणाची षष्ट्यब्दी असेल, की मानपत्र लिहिण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे न विचारता येते. मीही आजवर पंधरा-वीस तरी लिहिली असतील. त्यांतली नावे आणि विषय बदलले तर कोणतेही मानपत्र कोणालाही अर्पण करता येईल, इतकी ती एकसारखी आहेत. सत्कारमूर्ती कर्तव्यदक्ष असते, विद्यार्थिप्रिय असते, आणि तिच्या सहचारिणीची तिला मोलाची साथ लाभलेली असते. ही कबुली आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते दुसऱ्यांच्या मानपत्रांविषयी आहे.

एम.ए.च्या वर्गात 'चरित्र' हा वाङ्मयप्रकार शिकवताना स्वकीय चरित्रनायकाचे उदाहरण घेतले की अर्धा वर्ग दुखावतो आणि उरलेला अर्धा सरसावून बसतो. चर्चा संहितेची राहत नाही, जातीची आणि गावाची होते. म्हणून काही वर्षांपासून मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. कॅनडातल्या विमानविद्येच्या अग्रणींचा त्या देशाने केलेला गौरव हे ते उदाहरण. त्यात आपले कोणाचेच नाक गुंतलेले नाही. तरीही मागच्या सत्रात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला प्राध्यापकांच्या खोलीत हटकले. "ज्यांनी हाडे गोठवणाऱ्या थंडीत जीव धोक्यात घालून देश जोडला, त्यांच्या गौरवात खोट काढणे हा निव्वळ कृतघ्नपणा आहे, सर," असे ते म्हणाले. त्यांचा आक्षेप मला तेव्हा चहाबरोबर गिळावा लागला. आता सविस्तर उत्तर देतो.

प्रथम गौरवाची यंत्रणा पाहू. कॅनडात १९२७ पासून मॅकी करंडक दिला जातो. डॅल्झेल मॅकी हा अमेरिकन धनिक होता. १९२६ साली त्याने समुद्रविमानातून कॅनडा ओलांडला आणि त्या प्रवासात मिळालेल्या मदतीची उतराई म्हणून करंडक ठेवला. पुढे १९७३ साली एडमंटन येथे विमानविद्येचे कीर्तिमंदिर स्थापन झाले आणि १९९२ साली ते वेटास्कीविनला गेले. ज्यांची निवड होते त्यांचे एक रेखाचित्र लावले जाते आणि त्याच्या जोडीला एक मानपत्र असते. ही रेखाचित्रे अनेक दशके इर्मा कूसिल या चित्रकर्तीने काढली. मला ती मानपत्रांपेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक वाटतात. रेखाटणाऱ्या हाताला निदान प्रत्येक नाकाची ठेवण वेगळी काढावी लागते. मानपत्राला तेवढेही बंधन नाही. ते प्रत्येक आयुष्य एकाच दिशेने नेते: जन्म, धाडस, विक्रम, आणि अखेरीस राष्ट्राच्या विमानविद्येला झालेला लाभ.

पहिली खोट इथेच आहे. मानपत्राला एकवचनी नायक लागतो. विमान मात्र कधीच एकट्याने उडत नाही.

२३ फेब्रुवारी १९०९ रोजी नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक या गावी गोठलेल्या सरोवरावरून जे. ए. डी. मॅकर्डी याने 'सिल्व्हर डार्ट' हे विमान सुमारे ८०० मीटर उडवले. कॅनडातले हे पहिले नियंत्रित, यंत्रचलित उड्डाण. घोड्यांनी ओढून विमान बर्फावर आणले होते आणि गावकरी, शाळेतली पोरे, बर्फावर स्केटिंग करणारी मंडळी पाहायला जमली होती. फुग्यांसाठीचे रुपेरी रेशमी कापड पंखांना लावले होते, त्यावरून नाव पडले. या उड्डाणाला साक्षीदार आहेत, वह्या आहेत, छायाचित्रे आहेत. (१८९५ साली चौपाटीवर तळपदे यांनी विमान उडवले असे आपल्याकडे जेव्हा छातीठोकपणे सांगितले जाते, तेव्हा मी विद्यार्थ्यांना बॅडेकच्या नोंदी दाखवतो आणि गप्प बसतो.) २००९ साली शताब्दीनिमित्त माजी अंतराळवीर ब्यार्नी ट्रिग्वासन यांनी त्याच सरोवरावरून सिल्व्हर डार्टची प्रतिकृती उडवली.

परंतु हे विमान कोणाचे? मॅकर्डी हा 'एरियल एक्सपेरिमेंट असोसिएशन' या पाच जणांच्या मंडळींतला एक. बाकीचे चार म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल, केसी बाल्डविन, ग्लेन कर्टिस आणि थॉमस सेल्फ्रिज. सप्टेंबर १९०८ मध्ये ऑरव्हिल राइटच्या विमानाला झालेल्या अपघातात सेल्फ्रिजचा मृत्यू झाला. यंत्रचलित विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला माणूस. १ ऑक्टोबर १९०७ रोजी या पाच जणांचे मंडळ बनले ते मेबेल बेल यांच्या पैशावर. अशी संस्था काढावी ही कल्पनाही त्यांचीच होती. लहानपणी लोहितांग ज्वराने श्रवणशक्ती गेलेल्या या बाईंनी आपल्या मालकीची मालमत्ता विकून भांडवल उभे केले. पाच सदस्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही. मेबेल बेल मानपत्रांत येतात तेव्हा बहुधा 'बेल यांच्या पत्नी' म्हणून येतात. माझ्या मानपत्रांतल्या 'मोलाची साथ' देणाऱ्या सहचारिणींची मला इथे आठवण होते आणि ती सुखाची नसते.

दुसरा प्रसंग कॅनडात दंतकथेसारखा सांगितला जातो. डिसेंबर १९२८. अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेस लिटल रेड रिव्हर या ठाण्यावर घटसर्पाची लागण झाली. फोर्ट व्हर्मिलियनच्या डॉक्टर हॅमन यांच्याजवळ पुरेसे प्रतिविष नव्हते आणि तारघर सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर, पीस रिव्हर गावी. निरोप पोहोचला, एडमंटनहून 'वॉप' मे आणि व्हिक हॉर्नर या दोन वैमानिकांनी २ जानेवारी १९२९ रोजी उघड्या बैठकीच्या चिमुकल्या एव्हियन विमानातून प्रतिविष घेऊन उड्डाण केले आणि दुसऱ्या दिवशी ते फोर्ट व्हर्मिलियनला उतरले. औषध गोठू नये म्हणून ठेवलेल्या शेगडीने वाटेत पेट घेतला होता. ते परतले तेव्हा एडमंटनच्या विमानतळावर हजारो लोक स्वागताला उभे होते. हा पराक्रम खराच आहे. ज्या थंडीत धातूला हात लावला तर कातडी सोलून निघते, त्या थंडीत उघड्यावर बसून ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्याला तोंड देणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला महाबळेश्वरच्या थंडीवरून येणार नाही.

पण 'निरोप पोहोचला' हे मी वर लिहिलेले वाक्य पुन्हा वाचा. ते कर्त्याविना आहे. व्याकरणात ते खपून जाते आणि इतिहासातही खपून गेले. विल्यम लॅम्बर्ट आणि जो लाफ्लूर या दोघांनी घोडे आणि बर्फगाडी घेऊन जवळजवळ दोन आठवडे त्याच थंडीतून वाटचाल केली, तेव्हा तो निरोप तारघरात पोहोचला. विमानाने दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांना वृत्तपत्रे मिळाली, स्वागत मिळाले, पुढे कीर्तिमंदिरातले स्थान मिळाले. दोन आठवड्यांच्या वाटचालीला तळटीप मिळाली. व्हिक हॉर्नरचे नावही किती जणांना सांगता येते? दोन वैमानिकांच्या कथेतला एक गळून पडतो, कारण मानपत्राच्या चौकटीत एकच चेहरा मावतो.

उत्तरेकडच्या त्या सगळ्या उड्डाणांमागे मेकॅनिक नावाचा आणखी एक इसम असे. संध्याकाळी विमान गोठलेल्या तळ्यावर उतरले की इंजिन गरम आहे तोवर त्यातले तेल डब्यात काढून घ्यायचे, ते झोपडीत नेऊन ठेवायचे, विमानाच्या स्की बर्फाला चिकटू नयेत म्हणून त्यांखाली लाकडे सारायची. पहाटे उठून इंजिनाभोवती कॅनव्हासचा तंबू करायचा, त्यात शिरून ब्लोटॉर्च पेटवायचा, आणि इंजिनाबरोबर आपणही पेटणार नाही याची काळजी घेत तासभर बसायचे. मग शेगडीवर तापवलेले तेल ओतायचे. एवढे झाल्यावर वैमानिक येऊन बसे. कीर्तिमंदिरात काही मेकॅनिक आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु मेकॅनिकाच्या कामाची भाषाच मानपत्राकडे नाही. 'तेल तापवले' हे वाक्य 'उत्तरेचे दरवाजे उघडले' या वाक्याशेजारी बसत नाही. भाषेची ही गरिबी हा माझा विषय आहे.

विनिपेगच्या विमानतळाची गोष्ट यापुढची. फ्रेड स्टीव्हन्सन हा 'वेस्टर्न कॅनडा एअरवेज'चा वैमानिक. १९२७ मध्ये हडसन उपसागरावरच्या चर्चिल बंदराच्या तयारीसाठी माणसे आणि अवजड सामान विमानाने हलवण्याची जी मोहीम झाली, तिच्यातला तो एक प्रमुख. जानेवारी १९२८ मध्ये द पा येथे अपघातात तो गेला आणि विनिपेगच्या नव्या विमानतळाला 'स्टीव्हन्सन फील्ड' हे नाव मिळाले. १९५८ साली ते जाऊन 'विनिपेग आंतरराष्ट्रीय विमानतळ' आले. २००६ साली त्याच विमानतळाला जेम्स आर्मस्ट्राँग रिचर्डसन यांचे नाव दिले गेले. रिचर्डसन म्हणजे १९२६ साली 'वेस्टर्न कॅनडा एअरवेज' काढणारे उद्योगपती, अर्थात स्टीव्हन्सनचे मालक. रिचर्डसन यांचे कर्तृत्व मोठे होते, आणि १९३७ साली सरकारने स्वतःची विमान कंपनी काढून त्यांना बाजूला सारले हा त्यांच्यावरचा अन्यायही खरा. त्यांचे नाव कशाला तरी द्यायलाच हवे होते. पण नोकराच्या नावाची पाटी उतरवलेल्या जागीच मालकाच्या नावाची लावावी, यातला उपरोध रचायला एखाद्या नाटककाराला वर्ष लागले असते.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. माझ्या सहकाऱ्यांचा खरा रागही त्यावरच होता.

ओवेन साउंडचा बिली बिशप हा पहिल्या महायुद्धातला कॅनडाचा सर्वांत विख्यात वैमानिक. त्याच्या नावावर ७२ विमाने पाडल्याची नोंद आहे. २ जून १९१७ च्या पहाटे त्याने एकट्याने जर्मन विमानतळावर हल्ला करून तीन विमाने पाडली असे त्याने सांगितले आणि त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या हल्ल्याला एकही साक्षीदार नाही. ज्या पदकासाठी साक्षीची अपेक्षा असते, ते इथे वीराच्या स्वतःच्या शब्दावर दिले गेले. तेव्हापासून तो शब्द हीच एक संहिता आहे आणि तिचे वाचन अजून चालू आहे.

१९७८ साली जॉन ग्रे यांचे 'बिली बिशप गोज टू वॉर' हे नाटक व्हँकुव्हरला रंगमंचावर आले. दोन माणसांचे नाटक. एक पियानोवर, आणि दुसरा, एरिक पीटरसन, एकट्याने बिशपसह डझनाहून अधिक भूमिका करणारा. नाटकातला बिशप लष्करी महाविद्यालयात परीक्षेत कॉपी करताना पकडला जातो. हे प्रत्यक्षात घडलेले होते. तो थापेबाज आहे, हुशार आहे, घाबरट आहे, लंडनच्या वजनदार बाईंच्या आश्रयाने वर चढतो, आणि हळूहळू माणसे मारण्यात त्याला रस वाटू लागतो. प्रेक्षकांनी या बिशपवर जीव लावला. नाटक ब्रॉडवेपर्यंत गेले आणि त्याला नाट्यलेखनाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. नायकाचा एकही दोष न झाकता त्याचा गौरव होऊ शकतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

चार वर्षांनी, १९८२ साली, नॅशनल फिल्म बोर्डासाठी पॉल कोवन यांनी 'द किड हू कुडन्ट मिस' हा चित्रपट केला. त्यात २ जूनचा हल्ला झालाच नसावा असा संशय बिशपच्या मेकॅनिकच्या तोंडून व्यक्त केला होता. गदारोळ झाला. माजी सैनिक संतापले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि अखेर चित्रपटाला 'डॉक्युड्रामा' अशी पाटी लावण्यात आली. सिनेटने कलाकृतीची चौकशी करावी हे मला मुळीच मान्य नाही. परंतु तक्रारीत तथ्य होते, हेही सांगितले पाहिजे. मेकॅनिकच्या तोंडी घातलेले ते बोल त्या मेकॅनिकने काढल्याचा पुरावा नव्हता. म्हणजे पाहा: मानपत्राने मेकॅनिकला वगळले होते, आणि मानपत्र फाडायला निघालेल्या चित्रपटाने त्याच्या तोंडी स्वतःचे शब्द कोंबले. त्याला त्याचे स्वतःचे बोलणे दोघांनीही दिले नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या समीक्षेने या उदाहरणाकडे जरा निरखून पाहावे.

वाद तिथे थांबला नाही. २००२ साली ब्रेअरटन ग्रीनहाउस या, संरक्षण खात्यात इतिहासकार म्हणून काम केलेल्या अभ्यासकाने 'द मेकिंग ऑफ बिली बिशप' या पुस्तकात बिशपचे दावे जर्मन नोंदींशी ताडून तो खोटे बोलला असा निष्कर्ष काढला. त्याच सुमारास डेव्हिड बॅशो या वैमानिक-इतिहासकाराने बिशपची बाजू मांडली. जर्मन कागदपत्रे अपुरी आहेत, बरीच नष्ट झाली आहेत, तेव्हा नोंद नाही म्हणून घटना नाही असे म्हणता येत नाही, हा त्या बाजूचा मुख्य आधार. दोन्ही बाजू वाचाव्यात अशा आहेत. माझे मत विचाराल तर २ जूनची कथा बिशपने सांगितली तशी घडली असेल असे मला वाटत नाही, आणि तो शूर होता याविषयीही मला शंका नाही. माणूस एकाच वेळी शूर आणि थापाड्या असू शकतो. बखरी वाचलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला हे पटवून द्यावे लागू नये.

२००९ साली टोरांटोच्या बेटावरच्या विमानतळाला बिली बिशपचे नाव दिले गेले. इतक्या वादानंतर. नाव देण्याला माझी हरकत नाही. वाद झालाच नव्हता अशा थाटात ते मिरवले जाते, याला आहे.

याच्या शेजारी विल्यम बार्करला उभा करा. व्हिक्टोरिया क्रॉस, पन्नास विमाने, कॅनडाच्या इतिहासात सर्वाधिक शौर्यपदके मिळवलेला सैनिक. २७ ऑक्टोबर १९१८ रोजी एकटा असताना जर्मन विमानांच्या थव्यात सापडून, दोन्ही पायांना आणि हाताला गोळ्या लागल्यावरही तो लढत राहिला. ही लढाई खंदकांतल्या हजारो सैनिकांनी मान वर करून पाहिली. म्हणजे एकाच्या पराक्रमाला साक्षीदार नाही, दुसऱ्याच्या पराक्रमाला अख्खी आघाडी साक्षीदार. युद्धानंतर दोघांनी भागीदारीत विमान कंपनी काढली आणि ती बुडवली. मार्च १९३० मध्ये ओटावाजवळ विमान कोसळून बार्कर गेला. टोरांटोत त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली आणि त्याला सासरच्या स्मिथ कुटुंबाच्या थडग्यात ठेवण्यात आले. तिथे त्याच्या कर्तृत्वाची ओळख सांगणारे स्मारक उभे राहायला २०११ साल उजाडले.

एकाचे नाव विमानतळाला आणि दुसरा ऐंशी वर्षे दुसऱ्यांच्या थडग्यात, असे का झाले? बिशपने १९१८ सालीच 'विंग्ड वॉरफेअर' हे आत्मकथन लिहिले. दुसऱ्या महायुद्धात तो भरतीचा प्रमुख चेहरा होता, आणि १९४२ सालच्या 'कॅप्टन्स ऑफ द क्लाउड्स' या हॉलिवुडपटात तो बिली बिशप म्हणूनच पडद्यावर आला. १९६५ साली मुलाने वडिलांचे चरित्र लिहिले. मग नाटक, मग चित्रपट. बार्कर पस्तिशीत गेला. आत्मचरित्र नाही, चरित्रकार मुलगा नाही. वेन राल्फ यांनी त्याचे सविस्तर चरित्र लिहिले ते १९९७ साली. कीर्ती पराक्रमामागोमाग चालत येते असे मानपत्र सांगते. प्रत्यक्षात ती लेखणीमागोमाग येते, आणि लेखणी कोणाच्या हाती होती हे विचारण्यासाठीच तर आपण साहित्याचे शिक्षक पगार घेतो.

बार्करची एक आठवण मात्र एका भारतीयाने जपली. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डमध्ये शिकत होते. खटपटी करून ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरले आणि पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण घालून बार्करच्या हाताखाली २८ व्या स्क्वाड्रनमध्ये उडू लागले. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याच्यासोबतच्या एका मोहिमेत मलिक यांच्या पायात गोळी लागली आणि ते कसेबसे आपल्या बाजूला उतरले. १९४७ साली हेच मलिक स्वतंत्र भारताचे पहिले उच्चायुक्त म्हणून कॅनडात गेले. १९१४ साली ज्या देशाने 'कोमागाता मारू'वरच्या शिखांना किनाऱ्याला लागू दिले नव्हते, तोच हा देश. आणि दुसऱ्या महायुद्धात १९४२ पर्यंत कॅनडाच्या हवाई दलात वैमानिक होण्यासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा असा नियम होता. त्या नियमानुसार मलिक यांना बार्करच्या मायदेशाच्या हवाई दलात साधा अर्जही करता आला नसता. ज्यांना उडूच दिले नाही त्यांचे मानपत्र कोण लिहिणार?

उत्तरेचा 'विकास' हा शब्द मानपत्रांत वारंवार येतो. त्या विमानांनी औषध नेले, टपाल नेले, खाणीचे सामान नेले. मूलनिवासी कुटुंबांतून उचललेली मुलेही निवासी शाळांकडे नेली. त्या शाळांत काय घडले ते सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५ सालच्या अंतिम अहवालात आहे. तळ्यावर उतरणारे विमान पाहून एका घरात सुटकेचा निश्वास पडला असेल आणि दुसऱ्या घरात आईने मुलाला झाडीत लपवले असेल. वैमानिक कदाचित तोच असेल. त्याला मी गुन्हेगार म्हणत नाही. पण विमानात काय भरले होते हे न सांगता विमान पोहोचल्याचा गौरव करता येत नाही.

सहकाऱ्यांच्या 'कृतघ्नपणा' या शब्दाकडे परत येतो. श्रद्धा असली की प्रश्न थांबतात, हे त्यांचे गृहीतक आहे. आपल्याच भाषेतला पहिला मोठा गद्यग्रंथ त्याविरुद्ध साक्ष देतो. लीळाचरित्र हे भक्तांनी देव मानलेल्या चक्रधरांचे चरित्र. म्हाइंभटांनी ते ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे फिरून, आठवणी गोळा करून सिद्ध केले. एकाच लीळेविषयी आठवणी वेगळ्या असल्या तर ते पाठभेद नोंदवण्याची काळजी त्या परंपरेने घेतली. परमेश्वराच्या चरित्रात 'अमका असे सांगतो, तमका तसे सांगतो' हे चालते, आणि बिली बिशपच्या विमानतळावर चालत नाही? बिशपच्या नावाखाली ग्रीनहाउसचा निष्कर्ष आणि बॅशोचे उत्तर दोन ओळींत कोरले तर बिशप लहान होणार नाही. प्रवाशाला विमानाची वाट पाहताना वाचायला काहीतरी मिळेल.

एल्सी मॅगिल यांचे उदाहरण मला याच कारणासाठी प्रिय आहे. १९२९ साली मिशिगन विद्यापीठातून विमान अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेणारी ही बाई. त्याच वर्षी पोलिओ झाला, डॉक्टरांनी चालण्याची आशा सोडली, त्या काठ्या घेऊन चालल्या. दुसऱ्या महायुद्धात फोर्ट विल्यमच्या 'कॅनेडियन कार अँड फाउंड्री'त मुख्य विमान अभियंता म्हणून त्यांच्या देखरेखीखाली १,४०० हून अधिक हरिकेन विमाने बांधली गेली. १९४२ साली अमेरिकेत त्यांच्यावर चित्रकथा निघाली आणि त्यांना 'हरिकेनची राणी' हे बिरुद चिकटले. आता हरिकेनचे आरेखन इंग्लंडमधले. मॅगिल यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी होते. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात, विमान कधी न पाहिलेल्या हजारो कामगारांकडून, ज्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, एका विमानाचा सुटा भाग दुसऱ्याला अचूक बसेल अशी हजारो विमानभागांची निर्मिती करवून घेणे हे ते काम. शिवाय बर्फावर उतरण्यासाठी स्की आणि पंखांवरचा बर्फ हटवण्याची सोय त्यांनी हरिकेनला केली. 'राणी' या शब्दात यातले काहीच मावत नाही. राणी सिंहासनावर बसते. ही बाई काठ्या टेकत कारखान्यात फिरत होती आणि आपण आरेखलेल्या विमानांच्या चाचणी-उड्डाणात वैमानिकाबरोबर स्वतः बसत होती.

पुढे पाय मोडून अंथरुणाला खिळल्या असताना मॅगिल यांनी आपल्या न्यायाधीश आईचे चरित्र लिहायला घेतले. ते १९५५ साली 'माय मदर, द जज' या नावाने प्रसिद्ध झाले. १९६७ साली नेमलेल्या, स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या शाही आयोगाच्या त्या सदस्य होत्या, आणि १९७० सालच्या अहवालात जिथे पटले नाही तिथे त्यांनी आपले वेगळे निवेदन जोडले. २०२३ साली कॅनडाच्या टांकसाळीने त्यांच्या प्रतिमेचे एक डॉलरचे नाणे काढले. नाणे चांगले आहे. भिन्नमत नोंदवायला त्यावर जागा नाही, एवढेच.

या सत्रात मी वर्गाला मानपत्रलेखनाचा स्वाध्याय देणार आहे. फोर्ट व्हर्मिलियनच्या प्रसंगाचे मानपत्र विल्यम लॅम्बर्ट आणि जो लाफ्लूर यांच्या नावाने लिहायचे आहे. विशेषणे वापरायची नाहीत. घोड्यांचा उल्लेख आला पाहिजे. आणि जिथे माहिती मिळत नाही, तिथे वाक्य भरून न काढता ओळ कोरी सोडायची आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही मी त्या तासाला बोलावले आहे. ते येतो म्हणाले आहेत.